नायट्रसची बाटली सर्वांत शेवटी

माझी १९९१ सालची फोर्ड मस्टँग एलएक्स पाच लिटरच्या व्ही-एट इंजिनाची आणि पाच गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्सची आहे. मिशिगनमध्ये बर्फ वितळला की ती रोजच्या वापरात येते आणि हवा चांगली असेल तेव्हा मार्टिन गावच्या यूएस-१३१ मोटरस्पोर्ट्स पार्कच्या पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर धावते. तिला नायट्रस ऑक्साइड, म्हणजे थोड्या वेळासाठी इंजिनाची ताकद वाढवणारा वायू, बसवायचे ठरवले तेव्हा मी एकच अट घातली: शनिवारी पट्टीवर धावलेली गाडी सोमवारी सकाळी कुठलीही कुरकुर न करता कामावर गेली पाहिजे. ही अट मान्य केली की नियोजनाचा क्रम आपोआप उलटा होतो. बाटली, सोलेनॉइड (विजेने उघडणारा व्हॉल्व्ह) आणि जेट (प्रवाह मोजून सोडणारे बारीक छिद्र) यांची खरेदी शेवटी जाते आणि इंधनाचा पंप, स्पार्क प्लग, टायमिंग, गिअरबॉक्स आणि वायरिंग यांचा हिशेब आधी करावा लागतो. पुण्याचे आणि नागपूरचे गाड्यांत रमणारे मित्र याविषयी वारंवार विचारतात, म्हणून तो हिशेब इथे सविस्तर मांडत आहे.

नायट्रस स्वतः जळत नाही. वजनाच्या हिशेबाने हवेत ऑक्सिजन सुमारे २३ टक्के असतो, तर नायट्रस ऑक्साइडमध्ये तो सुमारे ३६ टक्के असतो. सिलिंडरमधल्या उष्णतेने रेणू फुटला की हा ऑक्सिजन मोकळा होतो आणि त्याच सिलिंडरमध्ये अधिक पेट्रोल जाळता येते. शिवाय द्रवरूप नायट्रस उणे ८८ अंश सेल्सिअसला उकळत असल्यामुळे आत येणारी हवा थंड आणि दाट होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने विरळ हवेत उंचावर उडणाऱ्या विमानांसाठी जीएम-१ या नावाने हीच युक्ती वापरली होती. अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत ती सहज पोहोचली, ती मुख्यतः १९७८ साली स्थापन झालेल्या नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स या कंपनीच्या तयार संचांमुळे. ताकद मिळते ती जास्तीच्या पेट्रोलमधून, नायट्रस ते पेट्रोल जळण्याची सोय करतो, एवढे पक्के लक्षात ठेवले तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. इंजिन फुटल्याच्या ज्या कहाण्या आपण ऐकतो, त्यांतल्या बहुतेकींत नायट्रस वेळेवर पोहोचलेला असतो आणि पेट्रोल पोहोचलेले नसते.

म्हणून पहिला हिशेब पेट्रोलचा. या इंजिनाची कारखान्याने सांगितलेली ताकद २२५ अश्वशक्ती आहे. एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे अर्धा पाउंड पेट्रोल धरले, तर पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण ५१ किलो पेट्रोल लागते. नायट्रसवरच्या शंभर अश्वशक्तीसाठी मिश्रण मुद्दाम थोडे रिच (पेट्रोल जास्त असलेले) ठेवायचे असते, त्यामुळे तिथे मी ०.६ पाउंडाचा दर धरतो आणि आणखी २७ किलोंची भर पडते. एकूण ७८ किलो झाले. गाडीचा मूळ पंप तासाला ८८ लिटरचा आहे, म्हणजे जेमतेम ६५ किलोंचा, आणि तोही नवा असताना व पूर्ण व्होल्टेज मिळत असताना. शंभरचा शॉट, म्हणजे नायट्रसने मिळणारी जास्तीची शंभर अश्वशक्ती, या पंपावर चालवणे म्हणजे पिस्टन वितळवण्याचे आमंत्रण आहे. तासाला २५५ लिटरचा पंप या गाडीच्या टाकीत सहज बसतो आणि त्याची किंमत नायट्रसच्या संचापुढे किरकोळ आहे. टाकी उतरवली की इंधनाचा फिल्टर आणि पंपाची जुनी वायर हीही बदलून घ्यावी, कारण तीस वर्षांच्या वायरमधून पंपापर्यंत पोहोचणारे व्होल्टेज मोजून पाहिले तर पुष्कळदा निराशाच होते.

हाच हिशेब ड्राय आणि वेट या दोन पद्धतींमधला वादही मिटवतो. ड्राय पद्धतीत नोझलमधून फक्त नायट्रस जातो आणि जास्तीचे पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरनी द्यायचे असते. माझे मूळ इंजेक्टर तासाला १९ पाउंडांचे आहेत. आठही इंजेक्टर सतत उघडे राहिले तरी तासाला ६९ किलोंच्या पुढे ते जाऊ शकत नाहीत. इंधनाचा दाब वाढवून त्यांच्याकडून अधिक काम करून घेता येते आणि या गाडीसाठीचे जुने ड्राय संच तसेच चालत असत, पण सगळा भरवसा वाढलेल्या दाबावर ठेवणे मला पटत नाही. वेट पद्धतीत पेट्रोल आणि नायट्रस एकाच नोझलमधून, प्रत्येकाच्या स्वतंत्र जेटने मोजून जातात. तिचा दोष असा की या मस्टँगचे इनटेक (सिलिंडरपर्यंत हवा नेणारा मार्ग) फक्त हवेसाठी घडवलेले आहे. इंजिनाचा वेग कमी असेल तर पेट्रोल वरच्या भागात साचून राहते आणि एखादी ठिणगी मागे आली की इनटेकमध्येच स्फोट होतो. त्यामुळे वेट संच घेतला तर कमी आरपीएमवर तो कोणत्याही परिस्थितीत चालू होणार नाही, असा बंदोबस्त वायरिंगमध्येच करावा लागतो.

आरपीएमची मर्यादा आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे, आणि शंभरचा शॉट घेणाऱ्या पुष्कळांच्या ते ध्यानात येत नाही. जेटमधून जाणारा नायट्रस वेळेच्या हिशेबाने जातो, इंजिनाच्या फेऱ्यांच्या हिशेबाने नव्हे. इंजिन सावकाश फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला दर वेळी अधिक नायट्रस येतो. शंभर अश्वशक्ती म्हणजे ५,५०० आरपीएमला सुमारे ९५ पाउंड-फूट टॉर्क, ३,००० ला १७५ आणि २,००० ला तब्बल २६०. हे इंजिन मुळात ३,००० आरपीएमच्या आसपास ३०० पाउंड-फूट टॉर्क देते आणि माझ्या गाडीतल्या टी-५ गिअरबॉक्सची क्षमताही नेमकी तेवढीच, ३०० पाउंड-फूट, सांगितलेली आहे. म्हणजे ३,००० ला नायट्रस सोडला तर गिअरबॉक्सवर त्याच्या क्षमतेच्या दीडपटीहून अधिक भार येतो. टी-५ चा तिसरा गिअर यासाठीच बदनाम आहे. मी विंडो स्विच (ठरलेल्या आरपीएमच्या टप्प्यातच नायट्रस चालू राहू देणारा) ३,५०० ते ५,८०० आरपीएमवर लावण्याचे ठरवले आहे आणि पहिल्या गिअरमध्ये नायट्रस सोडायचाच नाही असा नियम केला आहे. वरची मर्यादाही खालच्याइतकीच गरजेची आहे, कारण रेव्ह लिमिटरने पेट्रोल तोडले आणि नायट्रस चालूच राहिला, तर क्षणार्धात मिश्रणात पेट्रोल कमी पडते.

मग शंभरच का, दीडशे का नाही? इंजिनाच्या आतले भाग चांगले आहेत. १९९२ पर्यंतच्या या इंजिनांत फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन असत, १९९३ मध्ये ते बदलून हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनचे ओतीव) आले आणि डिटोनेशन (मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटणे) सहन करण्याच्या बाबतीत ते नाजूक मानले जातात. ब्लॉक मधोमध चिरतो असे जे सांगितले जाते, ते साधारण ५०० अश्वशक्तींच्या आसपासचे आहे आणि मी त्याच्या बराच खाली आहे. माझी मर्यादा गिअरबॉक्स ठरवतो. गाडीचा सर्वांत कमकुवत भाग कोणता हे आधी ओळखायचे आणि शॉट त्याच्या मापाने घ्यायचा, इतका साधा नियम मी धरला आहे. शंभरच्या शॉटने गाडी पाव मैल साधारण साडेबारा ते तेरा सेकंदांत जावी असा माझा अंदाज आहे. तेवढ्या वेळेला एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमांनुसार हेल्मेट लागते, पण रोल बार लागत नाही, कारण त्याची सक्ती ११.४९ सेकंदांपासून सुरू होते. रोजच्या वापराच्या गाडीत डोक्याजवळ पोलादी नळी नसलेलीच बरी, हेही त्यात आलेच.

टायमिंगचे, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याआधी किती अंशांवर ठिणगी पडते याचे, गणित सोपे आहे. दर पन्नास अश्वशक्तींमागे दोन अंश मागे घ्यायचे हा जुना ठोकताळा आजही बरोबर ठरतो. या इंजिनाचे मूळ टायमिंग १० अंश असते आणि बहुतेक हौशी लोक ते १४ वर नेतात. शंभरच्या शॉटसाठी चार अंश परत केले की आपण पुन्हा कारखान्याच्या आकड्यावर येतो. पेट्रोल ९३ ऑक्टेनचे, प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर नेणारे), आणि त्यांची गॅप ०.०५४ इंचांवरून ०.०३५ वर आणायची, कारण दाटलेल्या मिश्रणात रुंद फटीची ठिणगी विझते.

विजेच्या जोडणीत मी एकाही स्विचची काटकसर करणार नाही. आधी डॅशबोर्डवरचा मुख्य स्विच, मग पूर्ण थ्रॉटलला दाबला जाणारा मायक्रोस्विच, त्यानंतर विंडो स्विच आणि शेवटी इंधनाचा दाब ३५ पीएसआयच्या (चौरस इंचाला पाउंड) खाली गेला की सगळे तोडणारा सेफ्टी स्विच, असे चारही एकामागोमाग जोडायचे. यांतला एक जरी उघडा असेल तर रिले (विजेने चालणारा स्विच) ओढला जाणार नाही आणि सोलेनॉइड उघडणार नाही. सोलेनॉइडचा प्रवाह थेट स्विचमधून न्यायचा नाही; रिले आणि फ्यूज हवेतच. नायट्रसच्या नळीच्या जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण तिचा बारीकसा तुकडा सोलेनॉइडच्या बैठकीत अडकला की तो पूर्ण बंद होत नाही आणि नायट्रस गुपचूप इनटेकमध्ये झिरपत राहतो. तिथे पेस्ट वापरावी.

आता बाटली. दहा पाउंडांची अॅल्युमिनियमची बाटली शंभरच्या शॉटला दहा सेकंदांत साधारण एक पाउंड रिकामी होते. ती मागच्या डिकीत, व्हॉल्व्हचे तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला आणि किंचित वर राहील अशी, लेबल आभाळाकडे ठेवून बसवायची. आतली सायफन नळी खालच्या मागच्या कोपऱ्यात टेकलेली असते आणि गाडी सुटली की द्रव तिथेच ढकलला जातो. बाटली उलटी फिरवली तर ऐन वेगात द्रवाऐवजी नुसता वायू येतो. बाटलीवर डीओटी (अमेरिकेचे परिवहन खाते) १८०० चा शिक्का हवा, दर पाच वर्षांनी तिची पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यायला हवी आणि ती बोल्टने पक्की बसवलेली हवी. माझ्या हॅचबॅकमध्ये डिकी आणि बसण्याची जागा एकच असल्यामुळे सेफ्टी व्हॉल्व्हची नळी जमिनीतून बाहेर काढणे भाग आहे. रस्त्यावर बाटलीचा व्हॉल्व्ह बंद आणि नळी सुटी, यात मी तडजोड करणार नाही.

बाटलीतला दाब तापमानावर चालतो. १० अंश सेल्सिअसला तो सुमारे ५८० पीएसआय असतो, २० ला ७३०, तर ३० ला ९०० च्या थोडा वर. जेट बहुधा ९०० ते ९५० पीएसआय गृहीत धरून दिलेले असतात. मिशिगनच्या ऑक्टोबरात बाटलीला थर्मोस्टॅट असलेले विजेचे ब्लँकेट लावल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. आगीने किंवा टॉर्चने बाटली तापवणे हा जिवाशी खेळ आहे आणि नियमांतही त्याला मनाई आहे. नागपूरच्या मित्रांची अडचण याच्या नेमकी उलट आहे. नायट्रसचे क्रांतिक तापमान ३६.४ अंश आहे आणि त्याच्या वर बाटलीत द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीच्या डिकीत तापमान याच्या कितीतरी पुढे जाते आणि पूर्ण भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढून सेफ्टी डिस्क फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तिकडे बाटली कधीही ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरू नये, वजनकाट्यावरच भरून घ्यावी आणि गाडीतून उतरताना ती काढून सावलीत न्यावी.

सगळे बसल्यावर पहिली धाव ७५ च्या जेटवर करायची. धाव संपताच इंजिन बंद करायचे, गाडी ढकलत आणायची आणि प्लग काढून भिंगाखाली पाहायचे. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपूड उडाल्यासारखे काळे ठिपके किंवा अॅल्युमिनियमचे चमकदार कण दिसले, तर डिटोनेशन सुरू झालेले आहे आणि पिस्टन झिजू लागला आहे. तसे दिसले तर त्या दिवशी पुढची धाव नाही. टायमिंग आणखी दोन अंश मागे आणि पेट्रोलचा जेट एक नंबर मोठा, आणि मगच पुन्हा ७५ वर. आठही प्लग स्वच्छ आणि एकसारखे निघाले, तर शंभरचा जेट बसवायचा.