आई, मी आणि लेक

आज लेकीला सोबत घेऊन आईचं कपाट आवरायला काढलं. इतके दिवस धीरच होत नव्हता. तिचा चष्मा हाती आला, एका काडीला दोरा गुंडाळलेला, आणि फोन नंबरांची वही. प्रत्येक नावापुढे आईने बारीक अक्षरात काहीतरी टिपून ठेवलंय. 'गुडघा दुखतो, विचारणे.' 'मुलाची परीक्षा.' 'दुपारी फोन नको, झोपतात.' सगळे म्हणायचे, हिला कसं एवढं लक्षात राहतं! किती मायेने ती हे लिहून ठेवत होती, ते आज कळलं.

माझ्या बाबतीत आई कडक होती. नात झाली आणि पार विरघळली. लेकीमुळे मला आईचं ते रूप बघायला मिळालं, याचं मला फार अप्रूप आहे.

लेक सध्या जीवशास्त्र शिकतेय. वही चाळता चाळता म्हणाली, "मुलीची स्त्रीबीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात, विसाव्या आठवड्याच्या सुमारास 60-70 लाख असतात. म्हणजे मी जिच्यापासून झाले ती पेशी आजीच्या पोटात होती!"

मीही हे कधीतरी शिकले होते, पण असं मनात आलंच नव्हतं. आम्ही दोघी तिथेच बसून पोटभर रडलो.

आईला ओळखणाऱ्या सगळ्यांना विनंती, तिची एखादी आठवण असेल तर इथे नक्की लिहा. अगदी लहानशी असली तरी चालेल. लेक सगळं उतरवून ठेवणार आहे.