जुनी सेडान, नवी सेडान आणि पिकअपचा खरा हिशोब

नवीन गाडी म्हणजे जास्त पॉवर असं आपण सगळेच धरून चालतो, शोरूममधला पोरगाही तसंच सांगतो, पण आकडे शेजारी शेजारी ठेवून बघितले की गोष्ट एवढी सरळ नाहीये हे कळतं. २०२४ ची डिझायर घ्या ना. तिचं नवं १.२ लिटर तीन सिलिंडरचं इंजिन साधारण ८२ पीएस (इंजिनाच्या पॉवरचं माप, एक पीएस म्हणजे जवळपास एक बीएचपी किंवा हॉर्सपॉवर) देतं, आणि तिच्या आधीच्या डिझायरचं चार सिलिंडर ९० पीएस द्यायचं. अजून मागे जा, पंचवीस वर्षं मागे, तर मारुतीचीच एस्टीम एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल जाणारं इंजिन) झाल्यावर ८५ बीएचपीची होती आणि वजनाला आजच्या डिझायरपेक्षा हलकी. आता नवी डिझायर ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टला पाच स्टार घेऊन आलीये, अ‍ॅव्हरेज जबरदस्त देते, त्यामुळे ती वाईट गाडी आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पण पळण्याच्या बाबतीत एस्टीमवाले अजूनही छाती काढून का बोलतात ते या आकड्यांतून समजतं.

माझी आवडती तुलना मात्र होंडा सिटीची. आपल्याकडे सिटी १९९८ ला आली, आणि २००० च्या सुमारास तिच्यात १.५ व्हीटेक (जास्त फिरवलं की व्हॉल्व्ह जास्त उघडणारं होंडाचं इंजिन) आलं, १०६ बीएचपीचं. त्या काळात रस्त्यावर अजून प्रीमियर पद्मिनी होत्या, १०८९ सीसी आणि चाळीसेक हॉर्सपॉवर, ज्यांच्यात शंभरचा काटा गाठणं हीच मोठी गोष्ट होती. त्यांच्यात ही गाडी शून्य ते शंभर दहा-अकरा सेकंदांत मारायची, म्हणजे लोक वेडे होणारच. आजची सिटी पेट्रोल १२१ पीएस आणि १४५ एनएम टॉर्क (इंजिनाची ओढ). वीस वर्षांत वाढले किती तर पंधराएक घोडे, आणि मधल्या काळात गाडी लांब झाली, रुंद झाली, एअरबॅगा आल्या, बॉडीत मजबूत स्टील आलं, म्हणजे वजनही वाढलं. दर टनामागे घोडे मोजलेत तर फरक फारसा उरतच नाही.

आणि मधला एक किस्सा लोक विसरतात. २००३ ला जी नवीन सिटी आली, ती डॉल्फिन म्हणतात ती, तिच्यात आय-डीएसआय इंजिन होतं आणि पॉवर फक्त ७७ बीएचपी. व्हीटेकवाले भयंकर चिडले होते. पण तिचा टॉर्क बघा, १२८ एनएम आणि तोही २७०० आरपीएमलाच (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे), तर व्हीटेकचा टॉर्क त्याच्या आसपासच पण साडेचार हजारांच्या पुढे मिळायचा. म्हणून शहरात, सिग्नलवरून सुटताना, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना ती कमी पॉवरची गाडी उलट जास्त मोकळी वाटायची. माझं तर ठाम मत आहे की आपण ज्याला पिकअप म्हणतो तो बीएचपीच्या आकड्यात नसतोच, तो खालच्या आरपीएमला इंजिन किती ओढतं त्यात असतो. बीएचपी म्हणजे काय तर टॉर्क गुणिले आरपीएम, त्यामुळे इंजिन जास्त फिरवलं की आकडा मोठा दिसतो, पण रोज ऑफिसला जाताना सहा हजारांवर कोण नेतं गाडी?

हे मी माझ्या मामाच्या जुन्या व्हीटेकवर आणि मामेभावाच्या १.५ टीएसआय स्लाव्हियावर (टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, इंजिनात हवा दाबून भरणारं) अनुभवलंय. कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता, उसाचा सीझन, पुढे ट्रॅक्टर आणि त्याला दोन ट्रॉल्या, दोन्हीकडून ऊस बाहेर लोंबतोय, मागचा लाईट बंद. सिटीत अशा वेळी आधी तयारी करावी लागते, पाचव्यावरून थेट तिसरा टाकायचा, काटा वर चढू द्यायचा, मोकळा रस्ता दिसला की पाय पूर्ण दाबायचा, आणि मग पाच हजारांच्या पुढे तो आवाज बदलतो ना, घोगरा होता तो एकदम धारदार होतो आणि गाडी दुसऱ्यांदा ढकलल्यासारखी सुटते. अंगावर काटा येतो, खरंच सांगतो, आजही येतो. स्लाव्हियात तसलं काही नाही. चौथ्यातच राहायचं, पाय थोडा खाली, आणि ट्रॅक्टर मागे गेलेला असतो. २५० एनएम टॉर्क १६०० आरपीएमपासून मिळतोय म्हटल्यावर गिअर बदलायची गरजच काय! दुपदरी रस्त्यावर समोरून एसटी येत असताना उलट्या लेनमध्ये जितका कमी वेळ राहाल तितकं चांगलं, आणि इथे नवी गाडी निर्विवाद जिंकते, मामाला हे पटत नाही पण तेच खरं आहे.

ही टॉर्कची सवय आपल्याला लावली ती मात्र डिझेलने. २००६ ची व्हर्ना सीआरडीआय ११० पीएस आणि २३५ एनएमच्या घरात होती, पेट्रोल सेडानवाले हायवेवर तिच्या मागे बघत राहायचे. पेट्रोलमध्ये तसा दम आणायचा प्रयत्न २०१० ला लिनिया टी-जेटने केला, आपल्या रांजणगावात बनायची, १.४ टर्बो, ११४ पीएस, २०७ एनएम. काय गाडी होती! विक्री झाली नाही ही गोष्ट वेगळी, लोक तेव्हा अ‍ॅव्हरेज आणि रिसेल एवढंच विचारायचे. मग २०२० ला बीएस६ हे प्रदूषणाचे कडक नियम आले, छोटी डिझेलं एकेक करून बंद पडली आणि तीच टर्बो पेट्रोलची वाट बऱ्याच कंपन्यांनी धरली. चाकणमधून स्लाव्हिया-व्हर्टस आल्या, आणि २०२३ ची व्हर्ना टर्बो तर १६० पीएस, २५३ एनएम, कंपनी ऑटोमॅटिकला शून्य ते शंभर ८.१ सेकंद सांगते. म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्या पॉवरसाठी ऑक्टाव्हिया आरएस घ्यावी लागायची (ती १५० पीएसची होती) ती आता मधल्या साईजच्या सेडानमध्ये.

घाटाचा मुद्दा वेगळा आहे. महाबळेश्वर साधारण तेराशे-चौदाशे मीटरवर आहे, तिथे हवा विरळ, त्यामुळे साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, इंजिनाचा दहा-पंधरा टक्के दम तिथेच जातो, एसी चालू आणि पाच माणसं असली की अजून. टर्बो ती हवा दाबून भरतो म्हणून त्याला फरक कमी पडतो. पण टर्बोची स्वतःची खोड आहे, छोट्या एक लिटरच्या इंजिनात सतराशे-अठराशे आरपीएमच्या खाली काहीच नसतं, घाटातल्या एकदम वळणावर दुसऱ्यात गाडी गुदमरते, पहिला टाकावा लागतो. जुनी साधी इंजिनं तिथे कुरकुरत का होईना पण सरळ रेषेत ओढत राहतात, पाय जेवढा दाबाल तेवढंच देतात, आणि ॲक्सिलरेटरची केबल थेट इंजिनाशी जोडलेली असायची त्यामुळे पायाला ते कळायचं सुद्धा. नवीन गाड्यांत मधे कॉम्प्युटर आहे आणि केबिन इतकं शांत की एक्सप्रेसवेवर शंभरची लिमिट कधी ओलांडली समजत नाही.

गाडी घ्यायला निघाला असाल तर ब्रोशरमधला शून्य ते शंभरचा आकडा बाजूला ठेवा. टेस्ट ड्राईव्हला घरचे सगळे बसवा, एसी फुल करा, एखादा चढ किंवा फ्लायओव्हर शोधा, तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या स्पीडला पाय दाबा आणि ऐंशीपर्यंत कशी जाते ते बघा, मॅन्युअल असेल तर गिअर अजिबात बदलू नका. शोरूमवाला कुरकुर करेल, करू दे. महिन्यातून दोन-तीनदा तरी घाटाने गावाला जाणं होत असेल आणि बजेट ताणता येत असेल तर दीड लिटर टर्बोच घ्या, आणि फक्त शहरातच फिरणार असाल तर १२१ पीएसची साधी सिटी आरामात पुरते.