तुम्ही विचारलंत म्हणून : बास गरवायला काय काय घेऊ?

डॅलसच्या आसपास नव्यानं नोकरीला आलेली आपली मुलं दर उन्हाळ्यात मला एकच विचारतात, ‘काकू, फिशिंग सुरू करायचंय, काय काय घेऊ?’ सोबत ऑनलाइन कार्टचा फोटो असतो. तीन रॉड, एक बेटकास्टर रील (तंगूस गुंडाळायचं चाक, जरा अवघड जातीचं), शेकड्यानं रंगीत ल्युअर म्हणजे नकली आमिषं भरलेला डबा, पोलराइज्ड गॉगल आणि उडी मारणाऱ्या बासचं (बास म्हणजे इथल्या तळ्यांतला शिकारी मासा) चित्र असलेला लांब बाह्यांचा शर्ट. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी कार्ट रिकामं करा. गॉगल तेवढा राहू द्या. पाण्यावरची चमक कापली जाते आणि कुणाचा भरकटलेला हुक आलाच तर डोळा वाचतो.

एक स्पिनिंग रॉड घ्या, म्हणजे ज्याचं रील खाली लटकतं आणि फेकताना फिरत नाही असा. साडेसहा-सात फुटी, मीडियम पॉवर, फास्ट अॅक्शन, म्हणजे बुंध्याला ताठ आणि शेंड्याला लवचीक. त्यावर २५०० आकाराचं रील. मोठ्या दुकानांत दोन्हींची जोडी साठ-ऐंशी डॉलरला मिळते आणि ती बरीच वर्षं टिकते. आठ पाउंडांचा ताण सोसणारं मोनोफिलामेंट घ्या, म्हणजे आपलं तंगूसच. ३/० नंबरचे ऑफसेट हुक (डोळ्याजवळ बाक दिलेले), बंदुकीच्या गोळीच्या आकाराची पाव औंसाची वजनं, प्लास्टिकच्या गांडुळांची दोन पाकिटं (रंग : एक ग्रीन पंपकिन, एक काळं-निळं) आणि लांब नाकाची पक्कड. झालं.

बेटकास्टर आत्ता नको. त्यात फेकताना तंगुसाचं रीळ स्वतः फिरतं. अंगठ्यानं ते वेळेवर आवरलं नाही तर तंगूस बाहेर जाण्यापेक्षा रीळ जोरात फिरतं आणि आत असा गुंता होतो की सकाळ तो सोडवण्यातच जाते. पुढं हात बसल्यावर घ्या.

सामानावर माझा एवढा अविश्वास का, तर टेक्साससारख्या बासवेड्या राज्याचा विक्रमच बघा. जानेवारी १९९२ मध्ये लेक फोर्कवर बॅरी सेंट क्लेअर यांना १८.१८ पाउंडांचा बास लागला, तो विक्रम आजही कायम आहे. ते बास पकडायला गेलेच नव्हते. क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी गळाला जिवंत बारका मासा लावून बसले होते. त्या तलावात एवढा मोठा बास होता याचं कारण वेगळंच आहे. १९८० मध्ये धरण झालं तेव्हा झाडं बरीचशी तशीच उभी ठेवली होती आणि जातीनं मोठा होणारा फ्लोरिडा बास तिथं मुद्दाम सोडला होता. मासा मोठा होतो तो पाण्यामुळे, झाडांमुळे आणि जातीमुळे. तुमच्या रॉडच्या किमतीचं त्याला काही घेणंदेणं नसतं.

प्लास्टिकचं गांडूळ निक क्रेम यांनी १९४९ मध्ये ओहायोतल्या अॅक्रनमध्ये बनवलं. पुढं त्यांची कंपनी इथे टेक्सासमध्ये, टायलरला आली. इतक्या वर्षांत इतक्या गोष्टी बाजारात आल्या, तरी नवशिक्याला मी हेच देते, कारण ते झाडोऱ्यात आणि पाणवनस्पतींत फेकता येतं आणि बास नेमका तिथेच असतो. मात्र ते नीट लावता आलं पाहिजे. लावायची ही रीत म्हणजे टेक्सास रिग.

तंगुसात आधी वजन ओवा, निमुळतं टोक रॉडकडे. मग हुक बांधा. गाठ पालोमार : तंगूस दुहेरी करून हुकाच्या डोळ्यातून काढायचं, साधी गाठ सैल मारायची, उरलेल्या फासातून अख्खा हुक काढायचा, थुंकी लावून ओली करायची आणि मग ओढायची. कोरडी ओढलीत तर घर्षणानं तंगूस तापतं, कमजोर होतं आणि नेमका मोठा मासा असताना तुटतं. आता गांडूळ. हुकाचं टोक त्याच्या डोक्यात पाव इंच घालून बाजूनं बाहेर काढा. गांडूळ वर सरकवा, हुकाचा डोळा डोक्यात लपेपर्यंत. हुक अर्धा फिरवा म्हणजे टोक गांडुळाच्या अंगाकडे येईल. गांडूळ सरळ लोंबू द्या, हुकाचा वाक कुठे येतो ते बघा, तिथून टोक आरपार काढा आणि वरच्या पापुद्र्यात जेमतेम लपवा. बोट फिरवलं तर टोचता कामा नये. गांडुळाला बाक किंवा पीळ आला असेल तर काढून परत लावा, नाहीतर ते पाण्यात गरगरतं आणि तंगुसाला पीळ पडतात.

फेकायचं कुठे? उघड्या पाण्यात मधोमध तर नाहीच. बासला कशाच्या तरी कडेला बसायला आवडतं : बुडालेलं झाड, धक्क्याखालची सावली, पाणवनस्पतींची किनार, जिथे उथळ पाणी अचानक खोल होतं ती जागा. त्याच्या थोडं पलीकडे फेका, गांडूळ तळाला जाऊ द्या, तंगूस सैल पडलं की शेंडा हळू उचला, परत खाली सोडा. आपल्या माणसांची घाई इथे आडवी येते. बास आमिष दाताखाली चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. हाताला जाणवते ती फक्त एक ‘टप्प’. कधी तेवढीही नाही, तंगूस गुपचूप एका बाजूला चालायला लागतं. मग सैल तंगूस गुंडाळा आणि रॉड जोरात वर घ्या. पेणकडे खाडीत गरवायला बसलेल्या माझ्या वडिलांना मी पाहिलंय, तेही तर्जनी तंगुसावर ठेवूनच बसायचे. जिताडा आणि बास यांचं जवळचं नातं काही नाही, पण बोटाला कळतं ते सारखंच.

जुलैत दुपारी बारा वाजता जाऊन ‘काकू, काहीच लागत नाही’ असा मेसेज करू नका. उजाडताना जा किंवा सूर्य कलल्यावर.

आता तुम्ही न विचारलेलं. मला विचाराल तर यादीत सगळ्यात वर हेच हवं होतं, कारण रॉड चुकला तर बदलता येतो.

काठावर आधीच कुणी असेल तर इतक्या लांब उभं राहा की तुमचं सगळ्यात वाकडं फेकलेलं गांडूळही त्याच्यापर्यंत जाणार नाही. जागा थोडी असेल तर विचारा, ‘इथे उभा राहिलो तर चालेल ना?’ नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. न विचारता शेजारी येऊन दुसऱ्याच्या तंगुसावरून आपलं फेकणं म्हणजे पंगतीत शेजाऱ्याच्या ताटावरून हात लांब करून मीठ घेणं. कुणाला मोठा मासा लागला तर आपलं तंगूस गुंडाळून घ्या आणि त्याला काठावर मोकळं फिरू द्या. मासा हाताळायला मदत लागली तर करा. ‘केवढा आहे?’ विचारा, ‘कशावर घेतला?’ हेही चालतं. ‘नेमका कुठे?’ हे विचारू नका, आणि तुम्हाला कुणी आपणहून जागा दाखवली तर तिचा फोटो मागच्या पुलासकट ग्रुपवर टाकू नका. लहान तळ्यांची अशा फोटोंनी वाट लागते.

लेक लॅव्हनच्या एका धक्क्यावर मी पाहिलेला प्रसंग सांगते. एक म्हातारे गृहस्थ घडीच्या खुर्चीवर, पुढ्यात कॅटफिशसाठी लावलेले दोन रॉड, बाजूला थर्मास. तेवढ्यात आपली दहा-बारा मंडळी आली. डबे उघडले, स्पीकरवर गाणी लागली, मुलांनी धक्क्याच्या टोकाला जाऊन पाण्यात दगड मारायला सुरुवात केली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. एका वहिनींनी तर आजोबांना ढोकळाही देऊ केला. त्यांनी हसून घेतला, खाल्ला, दोन्ही रॉड गुंडाळले, खुर्ची मिटली आणि गेले. एक शब्द बोलले नाहीत. आपल्या मंडळींना वाटलं, किती छान माणूस! छान होताच. पण त्याची सकाळ गेली, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तुटलेलं तंगूस खिशात घाला. बऱ्याच धक्क्यांवर त्यासाठी पांढऱ्या पाइपचे डबे लावलेले असतात. बगळ्याच्या पायाला ते गुंडाळलेलं एकदा पाहिलंत तर पुढं सांगावं लागणार नाही.

वसंतात पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की बास उथळ पाण्यात गोल घरटी करतो. मादी अंडी घालून जाते, नर राखण करतो आणि जवळ येईल त्यावर धावून जातो, त्यामुळे तो पकडणं सोपं असतं. इथे कायदा त्याला आडवा येत नाही, स्पर्धावालेही सर्रास करतात. मी करत नाही. नर उचलला की घरट्यावर ब्लूगिल नावाचे छोटे मासे तुटून पडतात. यावर माझे इथले मित्र माझ्याशी वाद घालतात, तुम्हीही घाला.

‘पकडून सोडायचा तर पकडायचा कशाला? कालवण का नाही?’ हे तुमच्या आईवडिलांनी विचारलं की सांगा, खायला मनाई नाही. टेक्सासमध्ये साधारणपणे १४ इंच किंवा त्याहून मोठे दिवसाला पाच ठेवता येतात. पण तलावागणिक नियम बदलतात : लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास सोडावाच लागतो आणि २४ किंवा त्याहून मोठा फक्त एक ठेवता येतो. सोडायची प्रथा काही वेदकाळापासूनची नाही. १९३२ मध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी २२ पाउंड ४ औंसांचा जागतिक विक्रमाचा बास धरला, तो घरच्यांनी खाल्ला. १९७२ मध्ये बास पकडण्याच्या स्पर्धा भरवणारे रे स्कॉट यांनी आपल्या स्पर्धांत मासे जिवंत सोडायला लावले आणि तिथून ते सगळीकडे रुजलं. २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी जपानच्या बिवा तलावात पेरींच्या विक्रमाची बरोबरी केली. त्यांचा मासा औंसभरानं जड होता, पण विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात. त्याच बिवात धरलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे, कारण तिथे तो बाहेरून आलेला आणि तिथल्या माशांचा फडशा पाडणारा. तेव्हा सोडणं हे पुण्य आणि ठेवणं हे पाप, असला हिशोब करू नका. ज्या पाण्यावर उभे आहात तिथला नियम वाचा.

सोडणार असाल तर नीट सोडा. हात आधी ओले करा, कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. अंगठा खालच्या जबड्यात. दात काचकागदासारखे बारीक असतात, अंगठा खरवडतो आणि इथले लोक तो अभिमानानं दाखवतात. मोठा मासा नुसत्या जबड्यावर आडवा धरू नका, दुसरा हात पोटाखाली हवा. हुक खोल गेला असेल तर ओढाताण करण्यापेक्षा तंगूस जवळून कापा. फोटो काढणारा तयार झाला की मगच मासा पाण्याबाहेर काढा.

बोट? पहिली दोन वर्षं नको. घेतलीतच तर सामान भरणं, दोऱ्या बांधणं हे सगळं पार्किंगमध्ये उरका, रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) नाही. रॅम्पवर मागे रांग लावून उभ्या असलेल्या लोकांची सहनशक्ती संपलेली मी पाहिलीय, आणि त्या भाषेचं भाषांतर करणार नाही. तळ्यातून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढून टाकणं इथे कायद्यानं सक्तीचं आहे. झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले, त्या पाण्यातूनही एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.

राहिला परवाना. सतरा पूर्ण झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला लागतो, वॉर्डन म्हणजे सरकारी तपासनीस येऊन तपासतात आणि ‘नवीन आहे, माहीत नव्हतं’ हे त्यांनी रोज ऐकलेलं असतं. गोड्या पाण्याचा साधा परवाना तुम्ही कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतो. नव्या वर्षाचे १५ ऑगस्टपासून विकायला येतात. तारीख तुमच्या लक्षात राहीलच. म्हणून जुलैअखेरीस उत्साह आला असेल तर पैसे घालवू नका. स्टेट पार्कच्या आत काठावरून गरवायला परवाना लागत नाही, फक्त प्रवेशाचे पैसे भरा आणि माशांच्या मापाचे आणि संख्येचे नियम तेवढे पाळा. डॅलसजवळच्या रे रॉबर्ट्‌स तलावावरच्या स्टेट पार्कला जा. शनिवारी जाणार असाल तर उजाडायच्या आधी फाटकाशी पोचा, कारण दहानंतर पार्क भरलं म्हणून परत पाठवतात.