पायाच्या चरातला चंचुवाळा

आषाढात एका सकाळी प्राणिशास्त्राचे प्रात्यक्षिक संपता संपता मखमलाबादहून एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. घराच्या पायासाठी चर खोदताना दीड फूट लांबीचा, करंगळीएवढा जाड, तपकिरी आणि पोटाकडे फिकट असा काहीतरी जीव निघाला होता. त्याने पाठवलेल्या छायाचित्रात ज्या टोकाला ‘तोंड’ म्हटले होते, ते मला शेपूट वाटत होते. म्हणून दुपारचे काम सहकाऱ्यावर सोपवून मी निघालो.

तिथे जीव बादलीत होता आणि भोवती मतभेद. आजी त्याला मोठे गांडूळ म्हणत होत्या. मुकादमाने मला बाजूला घेऊन सांगितले, “सर, हे मांडुळाचं पिल्लू आहे, कुणाला बोलू नका.” मांडुळाला मोठी किंमत येते या अंधश्रद्धेपायी किती निरुपद्रवी साप पकडले आणि विकले जातात हे ठाऊक असल्याने, मला सर्वांत आधी हाच गैरसमज दूर करावासा वाटला. मांडुळाचे पिल्लूसुद्धा अंगाने जाड असते, शेपटी बोथट असते आणि डोळे स्पष्ट दिसतात. इथे डोळ्यांच्या जागी खवल्यांखाली जेमतेम दोन काळपट ठिपके होते.

विद्यार्थ्याची शंका मात्र अभ्यासू होती: हे देवगांडूळ तर नव्हे? देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर; त्याची कातडी ओलसर आणि वळ्यांची असते, आणि डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान एक बारीक स्पर्शिका असते. बादलीतल्या प्राण्याचे अंग कोरडे, तुळतुळीत होते आणि भिंगाखाली एकमेकांवर बसलेले खवले दिसले. म्हणजे तो साप होता. पण इतर बहुतेक सापांच्या पोटावर असते तशी रुंद आडव्या खवल्यांची रांग त्याला नव्हती; पाठ आणि पोट दोन्हीकडे खवले सारख्याच आकाराचे होते. शेपटीच्या टोकाला एक बारीक काटा होता आणि हातात घेताच तो तळव्यात टोचू लागला, एवढाच त्याचा प्रतिकार. हा वाळ्याचा, म्हणजे मातीखाली राहणाऱ्या गांडुळासारख्या बारीक सापांचा गट, हे नक्की झाले.

आता प्रश्न उरला तो कोणत्या वाळ्याचा. कुंड्यांत आणि मोरीत सापडणारा नेहमीचा वाळा विताएवढाही नसतो आणि त्याचे तोंड गोलसर असते. याचे नाक भिंगाखाली चोचीसारखे खाली वळलेले दिसले, आणि लांबी तर त्याच्या दुपटीहून अधिक. हा चंचुवाळा होता. भारतातल्या वाळ्यांमध्ये आकाराने सर्वांत मोठा, साठ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा हा साप फक्त भारतीय द्वीपकल्पात आढळतो. द्युमेरिल आणि बिब्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1844 मध्ये त्याचे वर्णन केले. विष नाही आणि तोंड इतके लहान की माणसाला चावणे त्याला शक्यच नाही. हे ऐकून आजींनी स्वतः बादलीत वाकून पाहिले.

लांबी, चराची खोली आणि मातीचा प्रकार मी वहीत टिपला. सोडायचे कुठे, यावर मात्र थोडा वेळ गेला. घराच्या पायात वाळवीची औषधफवारणी व्हायची होती आणि वाळवी तर याचे अन्न. शेजारच्या द्राक्षबागेतही फवारण्या चालू होत्या. शेवटी जवळच्या पडीक शेताच्या बांधावर, वारुळालगतच्या भुसभुशीत ओल्या मातीत मुकादमानेच त्याला सोडले.