कोरड्या मुलखातली नाव, नोंद ४: दोर, जस्त आणि धक्क्यावरची वीज

हिशोब आठ मीटर लांबीच्या, फायबरच्या जुन्या शिडाच्या नावेचा आहे. पोर्तुगाल किंवा ग्रीसमधल्या मरीनात, म्हणजे खासगी नावा बांधायच्या बंदरात, ती वर्षभर बांधून ठेवायची आणि वर्षातले काही महिने तिच्यावरच राहायचं. नाव अजून ठरलेली नाही, पण तिचं बरंच सामान समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात बसून तयार होतं. मरीनातली नाव बहुतेक दिवस उभीच असते. तिला वादळापेक्षा हे उभं राहणंच जास्त खातं, म्हणून सुरुवात शिडापासून न करता दोरापासून केली आहे.

दोर. तीन पेडी नायलॉन, १२ मि.मी. पुढचे दोन आणि मागचे दोन दोर प्रत्येकी ८ मीटर, नाव पुढंमागं सरकू नये म्हणून तिरके दोन प्रत्येकी १० मीटर. एकूण ५२ मीटर झाले. दर दोराला एक फास, त्यासाठी मीटरभर जादा धरून ६० मीटरचं बंडल घेतलं. मोंढ्यात कासऱ्या-दाव्यासाठी मिळतो तो निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर इथं चालत नाही. तो उन्हानं भुरभुरतो आणि ताणही नीट घेत नाही. लाटेचा हिसका दोरानं गिळायला हवा, नाहीतर तो थेट खुंट्यावर बसतो आणि खुंटा डेकसकट उचकटतो.

फास गुंफताना पेड २५-३० सें.मी. उकलायचे. उकलण्याआधी त्या जागी दोऱ्यानं घट्ट आवळायचं आणि प्रत्येक पेडाचं टोक चिकटपट्टी लावून वितळवायचं. मग टोक मागं वळवून ते पेड दोराच्या अंगात एकेक करून खुपसायचे, तिन्ही खुपसले की एक फेरी. नायलॉन निसरडं असल्यामुळे अशा निदान पाच फेऱ्या हव्यात. तीनवर भागवलेला फास ताणाखाली सरकत सरकत सुटतो. चूक बहुतेक पहिल्याच फेरीत होते. तिन्ही पेड तीन वेगळ्या फटींतून बाहेर यायला हवेत. दोन पेड एकाच फटीतून आले की फास एका अंगाला फुगतो. असा फास पुढं ओढून नीट होत नाही, पूर्ण उकलून नव्यानं घालावा लागतो.

दोर जिथं काठावर घासतो तिथं आवरण लागतं. ठिबकची १६ मि.मी.ची नळी त्यावर अगदी मापात बसते, आणि मराठवाड्यात तिचे तुकडे कुठंही पडलेले असतात, म्हणून मोह होतो. घालू नका. नायलॉन ताण-सैल होताना आतून तापतं, आणि बंद नळीत पाणी न पोचल्यानं ती ऊब बाहेर पडत नाही. मग वरून धडधाकट दिसणारा दोर आत वितळून तुटतो. अग्निशमनाच्या जुन्या कापडी होजचा ४० सें.मी. तुकडा बरा. तो भिजतो आणि गारही राहतो.

जस्त. पाण्याखालचा ब्राँझचा पंखा, तो फिरवणारा ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट आणि खारं पाणी एकत्र आलं की बॅटरीच तयार होते. त्यात आधी मरायला जस्ताचा गोळा बसवतात. चाचणीसाठी निळ्या ड्रममध्ये १५० लिटर पाणी आणि सव्वापाच किलो खडे मीठ घातलं, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम, समुद्राइतकं. सिल्व्हर-क्लोराईडच्या संदर्भ इलेक्ट्रोडशी (मोजणीसाठी स्थिर व्होल्टेजचा ठरलेला इलेक्ट्रोड) मोजलं तर नुसतं ब्राँझ उणे ०.३ व्होल्टच्या आसपास, जस्त जोडल्यावर उणे ०.९५. दुसरी तशीच जोडी शेततळ्यात सोडली. दीड महिन्यात तिथल्या जस्तावर पांढरा कडक थर चढला आणि आकडा ब्राँझच्या जवळ परत आला. गोड्या पाण्यात जस्त असंच झोपतं, आणि तोच गोळा नंतर समुद्रात नेला तरी जागा होईल याची खात्री नसते. गोड्या पाण्याला मॅग्नेशियम, खाऱ्याला जस्त, खाडीच्या मिश्र पाण्याला ॲल्युमिनियम. गोळा बसतो ती जागा घासून लख्ख करायची, गोळ्यावर रंग कधीही मारायचा नाही, आणि निम्मा झिजला की बदलायचा.

वाळूजच्या दुकानांत ३१६ म्हणून ३०४ हे हलकं स्टेनलेस सहज हाती येतं. चुंबक लावून कळत नाही, दोन्हींना तो साधारण चिकटत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये नसतं. ते ओळखणारं द्रावण मिळतं, त्याच्या एका थेंबात निकाल लागतो. अस्सल ३१६ सुद्धा साचलेल्या, हवा न लागणाऱ्या पाण्यात खड्डे धरतं. शाफ्टच्या नळीत नेमकं तेच होतं. आठवड्यातून एकदा, नाव बांधलेली असतानाच, इंजिन गिअरमध्ये टाकून पाच मिनिटं फिरवलं की नळीतलं पाणी बदलतं.

वीज. युरोपातल्या मरीनात आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. निळा गोल तीन पिनी प्लग, बहुतेक १६ अँपिअरचा. वायर तीन कोअर, २.५ चौ.मि.मी., रबरी आवरणाची, आणि सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच. वायरीचं वेटोळं तसंच ठेवून हीटर लावला तर ती मधून वितळते. प्लग आधी नावेत, मग धक्क्यावरच्या विजेच्या खांबात. काढताना आधी खांबातून.

खरी गोम अर्थिंगमध्ये आहे. खांबाच्या अर्थिंगनं सगळ्या नावा एकमेकींना जोडल्या जातात आणि तुमचं जस्त शेजाऱ्याचा पंखा वाचवत बसतं. त्यावर उपाय गॅल्व्हॅनिक आयसोलेटर: अर्थिंगच्या तारेत बसतो, जस्त खाणारा बारीक प्रवाह अडवतो आणि बिघाडातला मोठा प्रवाह जाऊ देतो. तो जागेवर बसवण्याआधी मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर दोन्ही दिशांनी तपासला: ०.९ व्होल्टच्या आसपास आलं, म्हणजे ठीक. शून्य आलं तर तो शॉर्ट झालेला आहे. काहीच आलं नाही तर अर्थिंगच तुटलेली आहे, आणि हे जास्त वाईट, कारण नाव चालू दिसते आणि माणूस मरतो.

किनारा कुठला. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आत. तिथं नावेची मागची बाजू धक्क्याला आणि पुढून तळाला बांधलेला दोर, असा बेत असतो. वर मोजलेला सहा दोरांचा संच त्या बेतासाठी नाही. पोर्तुगालच्या अटलांटिक बाजूला उधाणात तीन-साडेतीन मीटरचा फरक पडतो, पण धक्के तरंगते असल्यानं दोराला ढील लागत नाही. भाडं लांबीवर ठरतं, आणि त्या लांबीत पुढं आलेला नांगराचा रोलरही मोजतात. नावेवर मुक्काम करायचा तर वेगळी परवानगी लागू शकते, ती आधी लेखी मागावी.

कागदांमध्ये दोन घड्याळं चालतात. पर्यटक व्हिसावरच्या माणसाचं शेंगेनचं (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांचा गट): कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि पोर्तुगाल, ग्रीस, क्रोएशिया (२०२३ पासून) यांचे दिवस एकत्रच मोजतात. नावेचं वेगळं: युरोपीय संघाबाहेरच्या झेंड्याची नाव संघाबाहेर राहणाऱ्या माणसाला १८ महिने करमुक्त ठेवता येते. तिथला रहिवासी परवाना काढला की त्या देशापुरतं माणसाचं घड्याळ सुटतं आणि नावेची सवलत जाते. त्यामुळे कर भरल्याचा कागद असलेली नाव थोडी महाग पडली तरी घ्यावी. इथून पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर, तेवढ्यात हे बसतं.

पुढचं काम फेंडरचं, म्हणजे नाव धक्क्यावर घासू नये म्हणून मध्ये लटकवायच्या हवेच्या उशांचं: सहा, १५ सें.मी. व्यासाचे. मे महिन्यात इथल्या उन्हात टम्म भरून ठेवले तर शिवण उलते, म्हणून सध्या अर्धेच भरले आहेत.