चालायला बाग आहे ना, काकू!

"पोहता येतं का?" पोहण्याच्या तलावाच्या ऑफिसात खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं.
"नाही. मला पाण्यात चालायचंय."
"चालायला बाग आहे ना, काकू!"

गुडघे झिजलेत. कमरेपर्यंत पाण्यात पायांवर निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत गेलं की साधारण तिसरा हिस्सा. म्हणून डॉक्टरांनी तलाव सुचवला. हे सगळं मी खिडकीत सांगून पाहिलं. साहेबांनी डॉक्टरांचा दाखला परत सरकवला. "यात ‘पाण्यात चालण्यास हरकत नाही’ लिहिलंय. आम्हाला ‘पोहण्यास तंदुरुस्त’ असं पाहिजे." परत दवाखाना, परत नंबर लावणं. दुसऱ्या खेपेला शब्द बरोबर, पण शिक्क्यातला रजिस्ट्रेशन नंबर पुसट. तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले. चौथ्या खेपेला कळलं की पोहता न येणाऱ्यांना फक्त महिलांची शिकाऊ बॅच, आणि ती भरलेली. हे ऑफिस पहिल्या मजल्यावर, जिन्याला एका बाजूनेच कठडा. गुडघ्याच्या दाखल्यासाठी गुडघ्यांनी चार वेळा तो जिना चढायचा! पाचव्यांदा जागा झाली. तुम्ही आधी तलावाचा कोरा फॉर्म आणा आणि डॉक्टरांकडून त्यावरच लिहून घ्या.

पहिल्या दिवशी सगळा राग पाण्यावर काढला, भराभर चालले. वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा चौपट होतो, हे दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांनी सांगितलं. धाप लागलेली, तरी नाडी मोजली तर बागेतल्यापेक्षा दहा-बारा ठोके कमी! मला वाटलं, मोजायला चुकले. डॉक्टर हसले. पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून ठोके कमी पुरतात. तेव्हा आकड्यामागे लागू नका. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढं बघा. त्याच दाबामुळे लघवीलाही लागते, आधी जाऊन या. घाम येतो पण कळत नाही, पाण्याची बाटली काठावर ठेवा.

बाहेर येताना मात्र शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबा. दाब एकदम जातो, डोकं हलकं होतं आणि अंगाचं सगळं वजन परत पायांवर येतं. मी पहिल्यांदा कठडा धरून उभीच राहिले, मागच्या बाईने "काकू, बाजूला" म्हणेपर्यंत.

दीड महिन्यात घरचा जिना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय न जोडता, एका पायरीवर एकच पाय टाकत चढू लागले. पास तीन महिन्यांचा आहे. नूतनीकरणाला नवा दाखला लागतो म्हणे.