पोटात पाणी होतंय? पहिलं पाणी फेकू देऊ नका

बीड, परभणी, हिंगोलीकडच्या बायकांची तक्रार सारखीच असते: पोट फुगलंय, दोन घासांतच पोट भरतं, रात्री आडवं पडवत नाही. गॅसच्या गोळ्यांत दिवस जातात. पुढे सोनोग्राफीत पाणी आणि दोन्ही अंडाशयांवर गाठी दिसल्या की अंडाशयाचाच कॅन्सर धरून चालतात. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशीही अंडाशयात जाऊन वाढतात, पोटाच्या अस्तरावर पसरतात. मग तिथल्या रक्तवाहिन्या पाझरतात, पाणी वाहून नेणाऱ्या लसवाहिन्या तुंबतात. त्यामुळे काढलेलं पाणी पुन्हा भरतं.

म्हणून पहिलं पाणी तपासणीला गेलंच पाहिजे. पेशी बघायला 50 ते 100 मिली तरी द्यावं. सोबत प्रथिनं, अल्ब्युमिन हे प्रथिन वेगळं (रक्तातलंही त्याच दिवशी) आणि आपल्याकडे टीबी भरपूर, म्हणून एडीए, म्हणजे टीबीचा अंदाज देणारी तपासणी. सीए-125 ही अंडाशयाच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी, पण ते टीबीतही वाढतं, तेव्हा नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नये. सीईए (आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढणारी रक्ततपासणी) करावं, दुर्बिणीने आतडं बघावं. गाठीच्या तुकड्यात पेशींच्या खुणा तपासतात: सीके-20 आणि सीडीएक्स-2 आले तर रोख आतड्याकडे, पॅक्स-8 आलं तर अंडाशयाकडे. केमोची औषधं यावरच ठरतात.

लघवीच्या गोळ्या या कॅन्सरच्या पाण्यावर फारशा लागू पडत नाहीत. लिव्हरमधल्या गाठींनी दाब वाढला असेल तरच थोडा उपयोग. अळणी जेवणाची सक्तीही नको. बाईला आधीच जेवण जात नाही! थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा द्या: मऊ भात-वरण, अंडं, दही.

पाणी काढताना सोनोग्राफीने जागा बघून, ती बधिर करून बारीक नळी घालतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. नंतर छिद्रातून पाणी झिरपलं तर दुसऱ्या कुशीवर झोपवा. थांबत नसेल तर तिथे स्टोमाची (पोटाला चिकटवायची) पिशवी लावून घेता येते. ताप, पोटात जोराची कळ, चक्कर, लघवी कमी, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक प्रश्न मात्र डॉक्टरांना विचाराच: अंडाशय काढता येतील का? केमोने बाकीच्या गाठी आकसल्या तरी अंडाशयातली गाठ पुष्कळदा वाढतच राहते. तब्येत झेपणारी असेल तर ती काढल्यावर पाणी कमी होऊ शकतं. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाताना जुने स्लाइड-ब्लॉक (तपासलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने), सीटीची सीडी, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले योजनेची चौकशी तिथेच करा.